झाडाचा दगड कसा होतो? आपल्या डोंगरात तो का सापडत नाही, आणि कुठे दिसलाच तर काय करायचं?

दासगाव (वार्ताहर) : दिवाळीनंतर भाताची झोडणी उरकली की आपल्याकडे विहिरी खणायला, घराचे पाये काढायला आणि बांध घालायला सुरुवात होते. जेसीबी आला की दगड निघतात आणि दगड निघाले की व्हॉट्सॲपवर फोटो येतात. या वेळी आलेल्या बऱ्याच फोटोंखाली एकच प्रश्न होता, "भाऊ, हे लाकूड आहे का दगड?" एका फोटोत तोडलेल्या बुंध्यासारखी गोल गोल वलयं दिसत होती. दुसऱ्यात ढलपीसारखे उभे धागे. एका तरुणाने असा फोटो फेसबुकवरच्या एका ग्रुपवर टाकला, तर त्याला अनोळखी नंबरवरून फोन आला. हा करोडो वर्षांपूर्वीचा दगड आहे, लाखात जाईल, फक्त तपासणीचे पाच हजार आधी पाठवा. त्याने पाठवले नाहीत, पण दोन दिवस विचारात होता. म्हणून हा विषय एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी सरळ सांगतो, लाकडाचा दगड होतो हे खरं आहे. ती थाप नाही. त्याला अश्मीभूत लाकूड किंवा लाकडाचा जीवाश्म म्हणतात. जीवाश्म म्हणजे पूर्वी जिवंत असलेल्या वस्तूचा खडकात राहिलेला अवशेष. तुमच्यापैकी अनेकांच्या देवघरात एक जीवाश्म आधीपासून आहे. शाळिग्राम. नेपाळातल्या गंडकी नदीत मिळणाऱ्या शाळिग्रामात जे चक्र दिसतं, तो समुद्रातल्या शंखासारख्या एका प्राण्याचा अवशेष असतो. आज जिथे हिमालय आहे तिथे तेव्हा समुद्र होता. आपण तुळशीच्या लग्नात ज्याची पूजा करतो, त्याचं हे वय आणि हा प्रवास लक्षात घेतला तर दगडाकडे बघायची नजर बदलते.

लाकूड कुजतं, मग ते टिकलं कसं?

शेतकऱ्याला हे समजवायला फार कष्ट पडणार नाहीत. कुंपणाला पुरलेला खांब कुठे कुजतो ते आठवा. वरचा भाग ऊन-पाऊस खाऊनही टिकतो. खाली दोन फूट मातीत गेलेलं टोकही पुष्कळदा ठणठणीत निघतं. कुजतो तो नेमका जमिनीच्या पातळीला, जिथे ओल पण आहे आणि हवा पण आहे. बुरशी, वाळवी, जंतू यांना दोन्ही लागतं. हवा काढून घेतली तर त्यांचं काम थांबतं किंवा फार हळू होतं. बांबू तोडून पाण्यात बुडवून ठेवायची आपली जुनी पद्धत आहे, त्यानेही त्याला कीड लवकर लागत नाही.

मुंबईचंच उदाहरण घ्या. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चालू होतं, तेव्हा समुद्राच्या चिखलाखाली झाडांचं जंगलच्या जंगल सापडलं. शेकडो खोडं, त्यातली बरीच मुळांसकट उभी. झाडं प्रामुख्याने खैराची होती, म्हणजे आपल्याच रानातली. चिखलात हवा नाही म्हणून ती टिकली. पण ती लाकडंच राहिली होती, दगड झाली नव्हती. म्हणजे नुसतं गाडलं जाऊन भागत नाही. गाडलं जाणं ही पहिली पायरी. दुसरी पायरी पाण्याची आहे.

पाणी दगड घेऊन येतं

घरातल्या बंबात किंवा बोअरच्या पाइपात आतून पांढरा थर धरतो. पाणी दिसायला स्वच्छ असतं, तरी त्यात विरघळलेले क्षार असतात आणि संधी मिळाली की ते बसतात. जमिनीखालच्या पाण्यात चुन्यासारखे क्षार असतात, तसाच सिलिका नावाचा पदार्थही असतो. वाळू, गारगोटी, अकीक, काच या सगळ्यांच्या मुळाशी सिलिकाच. ज्वालामुखीची राख आणि लाव्हाचा खडक झिजला की सिलिका पाण्यात उतरते. पाणी गरम असेल तर जास्त विरघळते.

आता लाकूड आतून कसं असतं ते बघा. मधाच्या पोळ्यात घरं असतात तशी लाकडात बारीक बारीक पेशींची घरं आणि नळ्या असतात. जिवंतपणी याच नळ्यांतून पाणी मुळापासून शेंड्यापर्यंत चढतं. झाड पडलं, पुराच्या गाळात किंवा राखेत पटकन गाडलं गेलं, आणि सिलिकायुक्त पाणी त्याच नळ्यांतून झिरपायला लागलं, की सिलिका आधी पेशींच्या भिंतींना चिकटते. मग भिंतींवर थर चढतो, मग पोकळी भरते. लाकडाचा मूळ पदार्थ हळूहळू विरघळत जातो आणि त्याची जागाही सिलिका घेते. साच्यात ओतून गणपतीची मूर्ती करतात तसं म्हणा, फरक इतकाच की इथे साचा स्वतः नाहीसा होतो आणि तरी त्याच्या भिंतीसुद्धा दगडात उतरतात. काम इतकं बारीक होतं की करोडो वर्षांनंतर असा दगड पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पेशी मोजता येतात. कुठल्या जातीचं झाड होतं तेही ओळखता येतं.

सुरुवातीला ही सिलिका ओपलच्या रूपात, थोडी मऊ आणि पाणीदार असते. पुढे तिचं घट्ट गारगोटीसारख्या स्फटिकात रूपांतर होतं. रंग येतो तो पाण्यातल्या इतर गोष्टींमुळे. लोखंड असेल तर तांबडा, पिवळा, तपकिरी. मँगनीज किंवा कोळसा असेल तर काळपट. काही ठिकाणी सिलिकेऐवजी चुन्याचा क्षार बसूनही लाकडाचा दगड होतो, पण बहुतेक नमुने सिलिकेचेच.

याला वेळ किती लागतो? लोकांना वाटतं करोडो वर्षं लागत असतील. दगडाचं वय करोडो वर्षं असतं, पण सुरुवातीची प्रक्रिया तितकी संथ असेलच असं नाही. जपानमध्ये तातेयामा इथल्या गरम झऱ्याच्या पाण्यात शास्त्रज्ञांनी लाकडाचे तुकडे ठेवून पाहिले होते. सात वर्षांत काही तुकड्यांच्या वजनात चाळीस टक्क्यांच्या आसपास सिलिका भरली होती. २००४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

हे वाचून कोणी आपल्या सवच्या गरम झऱ्यात सागाचा ओंडका टाकून बसू नका! प्रत्येक झऱ्याचं पाणी वेगळं असतं. तातेयामाच्या पाण्यात सिलिका भरपूर आहे, ते आम्लधर्मीही आहे. आपल्या सवला, उन्हवऱ्याला, पालीजवळच्या उन्हेऱ्याला येणारं पाणी हे पावसाचंच पाणी आहे. ते भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. पण गरम पाणी खडकातलं काहीतरी विरघळवून वर आणतं, ही गोष्ट आपल्याला दासगावच्या पलीकडेच बघायला मिळते, एवढं मात्र खरं.

मग आपल्या डोंगरात का नाही?

आपला अख्खा डोंगर लाव्हाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थंड झाला, त्यावर पुन्हा आला, असे थरांवर थर साचले. आज या खडकाने देशातला जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर भाग व्यापला आहे. महाडहून वर बघितलं की सह्याद्रीच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर.

एक गोष्ट आपल्या तालुक्यांतल्या फार कमी लोकांना माहीत आहे. जगभरातले भूशास्त्रज्ञ या लाव्हाच्या थरांचे गट पाडतात आणि त्या गटांना गावांची नावं देतात. त्यातल्या एका गटाचं नाव 'पोलादपूर' आहे, त्याच्या वरच्या गटाचं 'आंबेनळी' आणि त्याच्या वरचा 'महाबळेश्वर'. पोलादपूरहून महाबळेश्वरला एसटीने जाताना तुम्ही ज्या घाटातून वर चढता, त्याच घाटात बसून हे थर अभ्यासले गेले. इंग्लंड-अमेरिकेतल्या विद्यापीठांत पोलादपूरचं नाव पुस्तकात छापलेलं आहे. आपल्याकडे मात्र पोलादपूर म्हटलं की हायवेवरचा थांबा.

याच घाटात कापलेल्या कड्यांत काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये तांबडी, विटेच्या रंगाची माती दिसते. विहिरीत काळा फत्तर फोडल्यावर मध्येच लाल पट्टा लागतो, तोही बहुतेक हाच. एक लाव्हा थंड झाला, त्याचा वरचा भाग ऊन-पावसाने झिजून माती झाला, मग पुढचा लाव्हा त्यावर आला आणि माती खाली भाजून निघाली. म्हणजे दोन लाव्हांच्या मध्ये काही काळ गेला. त्या काळात तिथे गवत-झाडं उगवली असणारच.

पण त्या झाडांवर जेव्हा अकराशे-बाराशे अंश तापलेला लाव्हा आला तेव्हा काय झालं असेल? वणव्यात उभं झाड जळतं तसं. काही ठिकाणी जगात असंही झालंय की लाव्हा ओल्या खोडाभोवती थिजला, खोड जळून गेलं आणि दगडात फक्त नळकांड्यासारखी पोकळी राहिली. हवाई बेटांवर अशा पोकळ्या बघायला मिळतात. पण त्यात लाकूड नाही, लाकडाची जागा आहे.

म्हणून अश्मीभूत लाकूड लाव्हाच्या पोटात शोधायचं नसतं. दोन लाव्हांच्या मध्ये जिथे तळं होतं, दलदल होती, गाळ साचत होता, तिथे ते मिळतं. अशा तळ्यांचे थर लाव्हाच्या पठाराच्या कडेकडेला जास्त आहेत. नागपूर, वर्धा, मध्य प्रदेशातले छिंदवाडा, मंडला, दिंडोरी. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात लाव्हाचे थर जाड आणि एकावर एक दाटीने आलेत, तळ्यांना सवड कमी मिळाली. कोकणात एक मोठा अपवाद मुंबईचा. वरळी आणि मलबार हिलच्या भागात लाव्हाच्या मध्ये तळ्याचा गाळ सापडला, आणि त्यात चक्क बेडकांचे जीवाश्म. एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद झाली होती.

खरं लाकूड कुठे सापडलं

नागपूरजवळचं टाकळी, जे आता शहरातच आलंय, तिथून १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी शिंपले, बिया, फळं, लाकडं असे पुष्कळ जीवाश्म गोळा केले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांतल्याच हिस्लॉप यांच्या नावाचं. वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावच्या परिसरातूनही अश्मीभूत लाकडांचे नमुने अभ्यासले गेलेत.

छिंदवाड्यातलं मोहगाव कलां हे गाव या बाबतीत फार मोठं. बिरबल साहनी या शास्त्रज्ञांनी तिथल्या दगडी फळांचा आणि लाकडांचा अभ्यास केला. तिथे निपा नावाच्या पामचं फळ सापडलं. हा पाम आज सुंदरबनासारख्या खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढतो. म्हणजे देशाच्या मधोमध, आज जिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, तिथे तेव्हा समुद्राचं पाणी पोहोचत असावं, असा अंदाज एका फळावरून बांधता आला. साहनींनी लखनौला या विषयाची संस्था काढली. तिची कोनशिला ३ एप्रिल १९४९ ला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली, आणि त्या कोनशिलेतच जीवाश्म बसवलेले आहेत. त्यानंतर आठवड्याभरातच साहनी गेले. संस्था आजही त्यांच्या नावाने चालू आहे.

दिंडोरी जिल्ह्यात घुघुआ इथे तर राष्ट्रीय उद्यानच आहे. तिथे पामची दगडी खोडं भरपूर. आपल्या कोकणी माणसाला पाम ओळखायला सोपा. माड किंवा पोफळ तोडली की खोडात साग-आंब्यासारखी वलयं दिसत नाहीत, सगळीकडे ठिपके ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या जुड्या. दगड झालेल्या पामलाही कापलं की तेच ठिपके.

आपल्या राज्यात अश्मीभूत झाडांचं नाव घ्यायचं तर गडचिरोली जिल्ह्यातलं सिरोंचा. तिथे वडधम गावाजवळ वनविभागाने जीवाश्म पार्क केलंय. तिथली दगडी खोडं लाव्हाच्या काळाच्याही आधीची, डायनासोर फिरत होते त्या जमान्यातली. तो भाग लाव्हाचा नाही, गोदावरी-प्राणहितेच्या जुन्या खोऱ्यात साचलेल्या वाळू-गाळाच्या खडकाचा आहे. नदीच्या पुराने झाडं वाहून आणली, वाळूत गाडली, बाकी काम पाण्याने केलं. याच तालुक्यातल्या कोटा गावाच्या नावाने एक खडकाचा गट ओळखला जातो. त्यात मासे आणि डायनासोर यांचे जीवाश्म मिळालेत.

महाडवरून सिरोंचा म्हणजे राज्याचं दुसरं टोक. तेलंगणाची हद्द लागते. बल्लारपूर, आलापल्ली करत जावं लागतं. जायचं असेल तर पावसाळा टाळा, तिकडे पुराने रस्ते बंद होतात.

तुमच्या फोटोतला दगड कोणता?

आलेल्या फोटोंपैकी गोल वलयांचे जे होते ते बहुतेक एकाच प्रकारचे. काळा खडक झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. पाणी भेगांतून शिरतं, कोपरे आधी झिजतात, चौकोनी ठोकळा गोल होत जातो आणि सालीवर साल निघते. मधला गाभा घट्ट राहतो. हायवेच्या चौपदरीकरणात डोंगर कापले तिथे असे गोळे ठिकठिकाणी दिसतात. लांबून बघितलं तर तोडलेल्या झाडाचा बुंधाच वाटतो. ओळख सोपी आहे. हाताने साल काढायचा प्रयत्न करा, मुरमासारखी भुगा होऊन पडते. झाडाच्या वलयांत कधी असं होत नाही, आणि झाडाला लांबी असते, हे गोळे चहूबाजूंनी गोल असतात.

उभ्या धाग्यांचा जो दगड होता तो बहुधा झिओलाइट. लाव्हातल्या हवेच्या बुडबुड्यांच्या पोकळीत पुढे गरम पाण्याने पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक जमवले. सुया एका बिंदूपासून पंख्यासारख्या पसरलेल्या असतात, लाकडाचे धागे तसे पसरत नाहीत, एका दिशेने जातात. आणि खरं सांगायचं तर संग्राहकांना आपल्या काळ्या खडकातलं हवं असतं ते हेच. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत मिळालेला कॅव्हनसाइट नावाचा निळा स्फटिक जगातल्या संग्रहालयांत जाऊन बसलाय.

तिसरा प्रकार गारगोटी आणि अकीक. पट्टे असतात, गुळगुळीत असतं, पण पट्टे फळाच्या आकाराला धरून वळतात. चौथा, खाडीच्या चिखलातून निघालेलं काळं कुळकुळीत लाकूड. ते हातात हलकं लागतं, नखाने किंवा चाकूने कोरलं जातं, वाळलं की तडकतं. ते जुनं असेल, पण दगड नाही.

खरं अश्मीभूत लाकूड हातात घेतलं की वजनाने कळतं. साधं वाळलेलं लाकूड पाण्यावर तरंगतं, हे त्याच आकाराच्या पाण्यापेक्षा अडीचपट जड भरतं. सुरीने ओरखडा उमटत नाही, उलट सुरीचं लोखंडच रेघ होऊन दगडावर राहतं. त्याने काचेवर ओरखडा पडतो. टोकाच्या बाजूने बघितलं तर वलयं किंवा पामचे ठिपके, बाजूने बघितलं तर एकाच दिशेचे धागे, कधी गाठ, कधी फांदी फुटल्याची जागा. या सगळ्या गोष्टी एकत्र दिसल्या तर शंका घ्यायला जागा आहे. एकच दिसली तर नाही.

एक सूचना, आणि ही दासगावच्या माणसाला वेगळी सांगायला नको. ताज्या कापलेल्या दरडीखाली, पडलेल्या दरडीच्या मातीत दगड शोधायला जाऊ नका. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे काय झालं आणि २०२१ ला तळियेला काय झालं ते आपण बघितलंय. पोरं मोबाइल घेऊन कड्याखाली चढतात, त्यांना घरच्यांनी थांबवा.

दगडाचा सातबारा

सापडलाच तर उचलायचा का? माझं मत, नाही. आणि याला कारण कायद्याच्या आधी दुसरं आहे. जमिनीला सातबारा असतो, त्यावरून ती कुठली, कोणाची, किती ते कळतं. जीवाश्माचा सातबारा म्हणजे तो जिथे पडलाय ती जागा. कुठल्या थरात होता, वर काय होतं, खाली काय होतं, खोड आडवं होतं का उभं, टोक कोणत्या दिशेला. उभं असेल तर झाड तिथेच वाढलं. आडवं आणि सगळी एकाच दिशेला असतील तर पुराने वाहून आणलं. हे सगळं जागेवरून कळतं, दगडावरून नाही. मोहगावचं ते फळ कुणीतरी उचलून पेटीत ठेवून दिलं असतं, कुठून आणलं ते विसरलं असतं, तर समुद्राची गोष्ट कळलीच नसती.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात अश्मीभूत झाडांचं मोठं राष्ट्रीय उद्यान आहे, झाडं वीस कोटी वर्षांपेक्षा जुनी. पर्यटक खिशात तुकडे घालून नेतात. नंतर काहींच्या घरी आजारपण येतं, नोकरी जाते, मग त्यांना वाटतं हा त्या दगडाचा कोप. पत्र लिहून, माफी मागून तुकडे टपालाने परत पाठवतात. अशा पत्रांचा तिथे साठाच आहे. पण परत आलेले तुकडे पुन्हा उद्यानात ठेवता येत नाहीत, कारण कुठून उचलले ते कोणालाच माहीत नसतं. चुकीच्या जागी ठेवले तर अभ्यास बिघडेल. म्हणून ते एका बाजूला ढीग करून टाकतात. कोप वगैरे मी मानत नाही, पण तो ढीग मात्र डोळ्यांसमोर येतो.

कायद्याचं थोडक्यात. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार जंगलात सापडलेला किंवा जंगलातून आणलेला दगडसुद्धा वनउपज धरला जातो. राखीव वनातून तो उचलून नेणं गुन्हा ठरतो. शेतात नांगराला लागलेला सुटा दगड ओट्यावर ठेवला म्हणून कोणी तुम्हाला पकडायला येणार नाही, पण खणून विकायचा म्हटलं की परवानगीचा प्रश्न येतो. अशा भूवारसा जागांसाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांच्या हरकतींसाठी ठेवला होता.

राहिला भाव. बाजारात दगडी लाकडाची टेबलं, बेसिनं मिळतात. त्यातला पुष्कळ माल इंडोनेशियातून येतो. मोठा, भेगा नसलेला, रंगीत, कापून पॉलिश केलेला तुकडा असेल तर त्याला पैसे पडतात, आणि त्यातही निम्मे पैसे कापण्या-घासण्याचे. ओबडधोबड तुकड्याचा फोटो बघून कोणी लाख रुपये देत नाही. ज्याला खरंच घ्यायचं असतं तो तुमच्याकडून पैसे मागत नाही. 'तपासणी फी', 'सर्टिफिकेट', 'पार्टी मुंबईवरून येणार आहे' ही भाषा आपण राइस पुलरच्या वेळी ऐकली, मांडुळाच्या वेळी ऐकली. माणसं तीच असतात, वस्तू बदलते. कोणी फोन केला तर नंबर जपून ठेवा आणि महाड किंवा पोलादपूर पोलीस ठाण्यात द्या. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

त्या तरुणाचा दगड मी जाऊन बघितला. कांद्याच्या सालींचाच निघाला, बोटाने साल सुटली. त्याला थोडं वाईट वाटलं. मग म्हणाला, म्हणजे हा लाव्हाच का? मी म्हटलं, हो, साडेसहा कोटी वर्षांचा. तो दगड आता त्याने अंगणात तुळशीजवळ ठेवलाय.

तुम्हाला असं काही दिसलं तर फोडू नका, धुऊन-घासून चकचकीत करू नका, तेल-शेंदूर लावू नका. जागेवर असतानाच तीन फोटो काढा. एक लांबून, आजूबाजूचा भाग दिसेल असा. एक जवळून, शेजारी दहाचं नाणं किंवा पेन ठेवून, म्हणजे आकार कळेल. एक टोकाच्या बाजूने. मोबाइलवर लोकेशन चालू ठेवा. गाव, गट नंबर, तारीख, विहिरीत असेल तर किती फुटांवर, आणि वर कोणती माती किंवा खडक होता, हे लिहून ठेवा. जंगलात असेल तर वनरक्षकाला सांगा. शेतात असेल तर तलाठ्याच्या कानावर घाला आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगोल-भूशास्त्राच्या प्राध्यापकांना फोटो दाखवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय नागपूरला आहे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही जीवाश्मांचा अभ्यास होतो. या दोन्हीकडे पत्र पाठवता येतं. आमच्याकडे फोटो पाठवताना वरची माहिती सोबत लिहा, नुसता फोटो पाठवला तर काही सांगता येत नाही.